गणसंख्येअभावी सभा तहकूब

अध्यक्ष महोदय, कार्यकारिणीतील सहकारी आणि मित्रहो,

दिवाळीच्या मेळाव्यात कर्करोगावर बोलणे काहींना प्रशस्त वाटणार नाही, हे मी जाणते. परंतु गेल्या आठवड्यात सातवीतल्या माझ्या मुलीने जे ऐकवले, ते तुम्हांला सांगितल्यावाचून मला राहवत नाही. “आई, बाबाने विनोद केला की हसण्याआधी सगळे काका-मावश्या तुझ्याकडे बघतात,” असे ती म्हणाली.

माझ्या नवऱ्याला अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, झाला आहे, हे आपणांपैकी बहुतेकांना ठाऊक आहेच. सात दिवस अखंड सायटाराबिन आणि त्यांतले तीन दिवस लाल रंगाचे डाउनोरुबिसिन, हा १९७०च्या दशकापासून चालत आलेला केमोथेरपीचा उपचार संपला, की रक्तातल्या निरोगी पेशी पुन्हा वाढण्याची वाट पाहत काही आठवडे रुग्णालयातच काढावे लागतात. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, मायक्रोलिटरमागे पाचशेच्याही खाली गेल्याचे डॉक्टरांनी सांगितले, तेव्हा हे गृहस्थ म्हणाले, “म्हणजे गणसंख्येअभावी सभा तहकूब, अर्ध्या तासाने याच जागी पुन्हा भरेल.” मी ते नर्सला समजावायला गेले आणि आपल्या मंडळाची घटनाच सांगत बसले, शेवटी तिने माझाच रक्तदाब तपासला.

आता थोडे तुमच्याविषयी, रागावू नका. त्या वॉर्डात ताजी फुले चालत नाहीत, ती दाराशीच ठेवून घेतात. आपला शोक मात्र मास्क लावूनही आत येतो. एक जण गव्हांकुरांच्या रसाचे गुण सांगतो, दुसरा दिवसांना आल्यासारखा हात जोडून बसतो, आणि रुग्णाने काही गमतीचे म्हटले, की मुलीने टिपले तसे दोघेही माझ्याकडे पाहतात. अहो, हसा की! हसण्याने पेशी वाढत नाहीत; वाढत्या, तर तो केव्हाच घरी आला असता. पण आपल्या खजिनदारांना दर वर्षी घाम फोडणारा माणूस त्या गाऊनमध्ये अजून शाबूत आहे, हे मला त्या विनोदांतूनच कळते. अट एवढीच, की सुरुवात त्याने करावी. ताप चढलेला असतो, तो भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो, त्या दिवशी आम्हीही गप्प बसतो.

मुलीच्या त्या बोलण्यावर मी तिला विचारले, की मग तू कशी लगेच हसतेस? ती म्हणाली, “मी हसले नाही, तर मला भीती वाटते हे बाबाला कळेल.” तहकूब सभेच्या विनोदावर सर्वांत मोठ्याने तीच हसली होती, आणि गणसंख्या म्हणजे काय, हे तिने मला घरी आल्यावर विचारले होते. हे त्याला सांगावे की नाही, याचा निर्णय मला अजून करता आलेला नाही. सांगितले, तर तो तिच्यासमोर विनोद करणे बंद करील, आणि मग त्या खोलीत आम्ही तिघे काय बोलू, याची मला कल्पना करवत नाही.