शाहिराचे नाव आणि कोठडीचा क्रमांक

नमस्कार. मी रत्नागिरीत, जुन्या कारागृहापासून थोड्या अंतरावर उभा आहे. अंदमानातून परत आणल्यानंतर विनायक दामोदर सावरकरांना काही काळ याच कारागृहात ठेवले होते. तुरुंगातल्या जगण्याविषयीचे लेखन आणि पोवाडा यांच्या नात्याविषयी आज बोलायचे आहे.

पोवाडा म्हटले की डफ, तुणतुणे आणि झीलकऱ्यांचा ‘जी जी’ आठवतो, आणि कथा आठवते ती पराक्रमाची. उपलब्ध पोवाड्यांत सर्वांत जुना मानला जाणारा अज्ञानदासाचा पोवाडाही अफजलखानाच्या वधाचाच आहे. तुरुंगात मात्र रणांगण नसते, एकसारखे दिवस असतात. त्या दिवसांचा पोवाडा कसा व्हावा?

याचे उत्तर मला एका इंग्रजी काव्यात सापडते. आयरिश लेखक ऑस्कर वाइल्ड यांनी दोन वर्षांची सक्तमजुरी भोगून मे १८९७ मध्ये सुटका झाल्यावर इंग्लंडमधल्या रेडिंगच्या तुरुंगावर ‘बॅलड’ लिहिले. बॅलड म्हणजे तिकडचे, आपल्या पोवाड्याला जवळचे असे कथागीत. त्यात कोणी वीर नाही. पत्नीच्या खुनासाठी ७ जुलै १८९६ रोजी फाशी गेलेला घोडदळातला एक शिपाई, आणि अंगणात फेऱ्या मारताना त्याच्याकडे पाहणारे बाकीचे कैदी, एवढीच कथा. काही ओळी थोड्या फरकाने पुन्हा पुन्हा येतात, आणि तुरुंगातला आजचा दिवस जसा कालच्या दिवसावरून गिरवलेला असतो तसे एकेक कडवे मागच्या कडव्यावरून उमटत जाते. पराक्रम नसतानाही कथागीत उभे राहते ते या आवर्तनामुळे, असे माझे मत आहे.

या काव्यातले कैदी डांबर लागलेले दोर बोटांनी उकलतात. ते वाचताना अंदमानातले ‘छिलका कुटणे’ आठवते: नारळाची सोडणे कुटून कुटून त्यांचे तंतू काढायचे आणि ठरलेल्या वजनाचा काथ्या रोज भरून द्यायचा. आपल्या किनाऱ्यावर ज्यांच्या घरी सोडणे भिजत घालून सुंभ वळला गेला आहे, त्यांना या कामाने हातांचे काय होते ते वेगळे सांगायला नको.

अंदमानात सावरकरांना लिहायला कागद मिळत नव्हता. ‘कमला’ या काव्याच्या ओळी त्यांनी कोठडीच्या भिंतीवर कोरल्या आणि पाठ करून टिकवल्या. हे वृत्तामुळेच शक्य झाले, कारण गद्याचे पान शब्दन्‌शब्द लक्षात ठेवणे फार अवघड असते, पण पद्याच्या ओळीत एक मात्रा कमी पडली तरी चूक कानालाच कळते. गणपतीत जाखडीचे फेर पाहत वाढलेल्या माणसाला हे ठाऊक असते. जाखडीत दोन पक्षांत रंगणाऱ्या शक्ती-तुऱ्यातली कितीतरी कवने वहीपेक्षा गाणाऱ्यांच्या तोंडीच अधिक जगली आहेत.

कागद हाती आल्यावर मात्र गद्य लिहिले गेले. सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध असताना, १९२७ मध्ये, ‘माझी जन्मठेप’ पुस्तकरूपाने आली. दापोली तालुक्यातल्या पालगडचे साने गुरुजी यांनी ‘श्यामची आई’चा बराचसा भाग फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिला. त्या पुस्तकात प्रकरणे नाहीत, रात्री आहेत, कारण श्याम आपल्या सोबत्यांना रोज रात्री एक आठवण सांगतो. लेखन गद्यात आले तरी समोर श्रोते बसवून कथा सांगण्याची शाहिरी रीत त्यात राहिलीच.

पोवाड्याची आणखी एक रीत आहे. शेवटच्या चौकात, म्हणजे कडव्यात, शाहीर आपले नाव गुंफतो, म्हणजे कवन कोणाचे हे ऐकणाऱ्याला कळते. रेडिंगचे काव्य फेब्रुवारी १८९८ मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हा त्यावर कवीच्या नावाच्या जागी ‘सी. ३. ३.’ एवढेच छापलेले होते: सी विभाग, तिसरा मजला, तिसरी कोठडी. वाइल्ड यांचे नाव तेव्हा इतके बदनाम झालेले होते की ते पुस्तकावर घालणे धोक्याचे वाटत होते. पुढच्या वर्षी निघालेल्या सातव्या आवृत्तीत त्या क्रमांकासोबत, कंसात, त्यांचे नाव आले.