बांधावरची जाळी

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात उसाचा गळीत हंगाम सुरू झाला की शिवारात एक मोठी पळापळ होते, आणि तिच्याकडे आपलं सहसा लक्ष जात नाही. वर्षभर वाढलेला ऊस म्हणजे मुंगूस, कोल्हा, रानमांजर, मोर, वटवट्या अशा कितीतरी जिवांचं दाट रान. तोडणीची टोळी फडात शिरते आणि बघता बघता ते रान उघडं पडतं. पूर्वी हे जीव बांधावर सरकायचे. तिथं करवंदाची, बोरीची जाळी असायची. आता बांध कोरत कोरत आपण इतका अरुंद केलाय की त्यावरून धड चालताही येत नाही. म्हणून आज बोलायचंय ते फळझुडपांबद्दल. बांधावर, परड्यात, घराच्या कुंपणाला लावायच्या झुडपांबद्दल.

झुडूप निवडताना आपण फूल बघतो, पानांचा रंग बघतो. पाखरांच्या बाजूनं बघायचं तर दोनच गोष्टी विचारा: याला फळ कुठल्या महिन्यात येतं, आणि याच्या आत लपायला जागा आहे का?

करवंद दोन्हीला उतरतं. माझं मत विचाराल तर कोल्हापुरात एकच झुडूप लावायचं असेल तर करवंदच लावा. पानं बारा महिने हिरवी, काटे जोडीनं येणारे आणि टणक. जाळी एकदा दाटली की बुलबुल आत सहज शिरतो, पण त्याच्या मागं मांजराला किंवा शिक्र्यासारख्या शिकारी पक्ष्याला घुसता येत नाही. घरट्याला याहून चांगली जागा कुठली? आणि फळ कधी, तर एप्रिल-मे मध्ये, माळ तापून पिवळा पडलेला असताना. त्याच दिवसांत पन्हाळा, शाहूवाडीकडून करवंदांच्या पाट्या बाजारात येतात. आपल्या बांधावरची थोडी आपण काढावीत, वरची आणि आतली पाखरांना राहू द्यावीत.

पण एका करवंदानं वर्ष निघत नाही. थंडीत बोर हवी, कलमी नव्हे, गावठी. बोरं बुलबुल-साळुंक्या खातात, कोल्हाही आवडीनं खातो. शिरोळ भागातल्या क्षारपड रानातही बोर तग धरते. गगनबावडा, राधानगरीकडं पाऊस धो धो, तिथं उन्हाळ्याच्या तोंडाला आमगुळी आणि मग तोरण, ही दोन्ही रानफळांची झुडपं. पूर्वेच्या कोरड्या भागात पांढरफळी. जून-जुलैत कढीपत्त्याची काळी फळं पिकतात, त्यांच्यावर कोकीळ आणि बुलबुल तुटून पडतात.

कढीपत्त्याचा आणखी एक उपयोग आहे. फळं खाणारा बुलबुलसुद्धा पिल्लांना अळ्या-किडे भरवतो. कढीपत्ता लिंबाच्या कुळातला, त्यामुळं त्याच्यावर मोठ्या फुलपाखरांच्या अळ्या वाढतात. चार पानं कुरतडलेली दिसली म्हणून लगेच फवारणीचा पंप काढू नका.

शहरातल्या कुंपणाबद्दलही सांगितलं पाहिजे. बंगल्याबंगल्यांपुढं पिवळा डुरांटा लावलेला दिसतो. तो सारखा कातरला जातो, म्हणून त्याला ना फूल येतं ना फळ, आणि त्याची फळं आली तरी लहान मुलांसाठी विषारी. त्याऐवजी कामिनी लावा. तिच्या पांढऱ्या फुलांचा वास घरात येईल आणि लाल फळं बुलबुल नेतील.

घाणेरीचं मात्र अवघड आहे. ती परदेशातून आली, गुरांना बाधते, इतर झाडोरा दाबून टाकते. तरी पाखरं तिची फळं खातात आणि तिच्या गचपणात लपतात, हेही खरं. म्हणून एका दिवसात सगळी उपटू नये. आधी शेजारी करवंद, बोर वाढवावी, ती दाटेल तशी घाणेरी मुळासकट काढत जावी.

करवंदाला फुलं फांदीच्या शेंड्याला येतात. हिवाळ्यात छाटलंत तर त्या साली फळ नाही. छाटणी फळं संपल्यावर, तीही हलकी. आणि कात्री लावण्याआधी वाकून आत बघा. घरटं असेल तर पिल्लं उडेपर्यंत थांबा.

रोपासाठी वनविभागाच्या किंवा सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत चौकशी करा. नाहीतर बाजारातली पिकलेली करवंदं खा आणि बिया ठेवा. त्यांची उगवण लवकर कमी होते, म्हणून पुढच्या वर्षासाठी डब्यात भरून ठेवू नका. धुवा, सावलीत सुकवा आणि लगेच माती-शेणखताच्या पिशवीत टोचा. रोप सावकाश वाढतं. पुढच्या वर्षी जूनचा पहिला चांगला पाऊस झाला की दोन-तीन फुटांवर एक अशी बांधावर लावा, आणि पहिला उन्हाळा तेवढं पाणी द्या.