गुडघ्यातलं पाणी, मशीनचा काउंट आणि ३,००० ची रेघ

नमस्कार मंडळी. हा रिपोर्ट बघा, तुमच्यासाठी नमुना म्हणून मीच बनवलाय. गुडघा बदललेल्या एका काकूंचा आहे असं धरा. ऑपरेशनला दोन वर्षं झाली, आता गुडघा दुखतोय, म्हणून ऑर्थोंनी सुई घालून पाणी काढलं. पांढऱ्या पेशी, दर मायक्रोलिटरला ३,१००. मुलाने मोबाइलवर शोधलं, ३,००० च्या वर म्हणजे इन्फेक्शन. झालं, घरात रडारड!

ती ३,००० ची रेघ खरी आहे, पण फक्त कृत्रिम सांध्यासाठी. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय निकषांत या काउंटला ३ गुण आहेत आणि इन्फेक्शन म्हणायला ६ लागतात. बाकीचे गुण रक्ताच्या तपासण्या, कल्चर (म्हणजे पाण्यातले जंतू लॅबमध्ये वाढवून बघणं) वगैरेंमधून येतात. स्वतःच्या, न बदललेल्या गुडघ्यात पू झाल्याचा संशय साधारण ५०,००० च्या पुढे बळावतो. तिथेही टीबीचा सांधा बराच खाली राहू शकतो आणि गाऊटचा सांधा सहज वर जाऊ शकतो.

आता लोक विचारतात, ‘मॅडम, मशीनने मोजलंय की हाताने? हाताने मोजलेलं बरोबर ना?’ चला, हाताने मोजून बघू.

(स्क्रीनवर: न्यूबॉर चेंबरचे, म्हणजे पेशी मोजायच्या आखलेल्या काचेवरचे चौकोन)

पाणी सलाइनमध्ये २० पट पातळ केलं. सलाइनच हं. रक्तासाठीचं डायल्युटिंग फ्लुइड वापरलं तर त्यातल्या ऍसिटिक ऍसिडने पाण्याच्या गुठळ्या होतात आणि पेशी त्यात अडकतात. मग चेंबर भरलं आणि कोपऱ्यातले चार मोठे चौकोन मोजले. चारही मिळून जागा किती? ०.४ मायक्रोलिटर. म्हणजे दिसलेली एकेक पेशी रिपोर्टमध्ये ५० होऊन उतरते. काकूंचे ३,१०० म्हणजे टेक्निशियनला दिसलेल्या ६२ पेशी. २,९०० म्हणजे ५८. या चार पेशींवर घर रडतंय! खरा आकडा ३,००० असला तरी निव्वळ योगायोगाने कधी ४५ पेशी दिसतील, कधी ७५. रिपोर्ट २,२५० पासून ३,७५० पर्यंत कुठेही जाईल आणि टेक्निशियनची त्यात काडीची चूक नसेल. जास्त चौकोन मोजले की हा डोलारा कमी हलतो, पण गर्दीच्या लॅबमध्ये तेवढा वेळ कोण देणार?

मशीन इथे जिंकतं. ते कितीतरी जास्त पेशी मोजतं, त्यामुळे तोच नमुना परत लावला की आकडा जवळपास तोच येतो. पण सारखा आकडा येणं वेगळं आणि खरा येणं वेगळं. वॉलेस कूल्टरच्या पेटंटपासून, म्हणजे १९५३ पासून, ही यंत्रं मुळात रक्तासाठी घडली. सांध्यातलं पाणी हायलुरॉनिक ऍसिड या चिकट पदार्थामुळे एकतारी पाकासारखं ओढलं जातं. मशीनची नळी ते नीट ओढू शकत नाही, म्हणून चांगल्या लॅबमध्ये आधी हायलुरॉनिडेज एन्झाइम घालून ते पातळ करतात. सुजलेल्या सांध्याचं पाणी आपोआपच पातळ होतं, तिथे हा त्रास कमी.

जुन्या पद्धतीची मशीन कणाच्या आकारावरून मोजतात. चरबीचे थेंब, कचरा, धातूवर धातू घासणाऱ्या खुब्यातला चुरा, यातलं काहीही पांढरी पेशी म्हणून मोजलं जाऊ शकतं आणि काउंट खोटा फुगतो. नव्या मशीनमध्ये बॉडी फ्लुइड मोड असतो. त्यात पेशीतल्या न्यूक्लिक ऍसिडला (डीएनए, आरएनएला) चमकणारा रंग लावतात, त्यामुळे कचरा बराच गाळला जातो. तरीही मशीनने फ्लॅग, म्हणजे शंकेची खूण, दाखवला की स्लाइड करून मायक्रोस्कोपखाली बघायलाच हवी. ती न बघता रिपोर्ट सोडणाऱ्या लॅबवर माझा भरवसा नाही.

आणि आपल्या मुंबईची खरी गंमत मशीनच्या आधी होते. विरारच्या नर्सिंग होममध्ये अकराला पाणी काढलं. लॅबचा पोरगा आणखी चार ठिकाणचे नमुने गोळा करून लोकलने दादरला उतरला आणि परळच्या लॅबमध्ये पोचेपर्यंत चार वाजले. तोवर पेशी फुटायला लागलेल्या असतात, काउंट खाली येतो. ट्यूब नीट उलटसुलट केली नसेल तर गुठळी होते, निम्म्या पेशी तिच्यातच. असा २,४०० चा रिपोर्ट मला काकूंच्या ३,१०० पेक्षा जास्त घाबरवतो, कारण तो बघून सगळे निश्चिंत होतात.

म्हणून आकडा रेघेजवळ असेल तर लॅबला फोन करा. पाणी किती वाजता काढलं, किती वाजता लावलं, गुठळी होती का, स्लाइड बघितली का, न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा जंतूंशी लढणारा प्रकार) किती टक्के? कृत्रिम सांध्यात ते ८० टक्क्यांच्या वर असतील तर ऑर्थोंना लगेच कळवा. आणि ताप नसेल, तब्येत स्थिर असेल तर पाणी काढण्याआधी घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या घेऊ नका. त्याने कल्चरमध्ये जंतू उगवतच नाहीत, मग कोणतं औषध द्यायचं हे डॉक्टरांना अंदाजाने ठरवावं लागतं.