“तुम्ही नेमके कुठे आहात?”

श्रोतेहो, नमस्कार.

नोकरीच्या निमित्ताने मी जळगावला राहायला आलो, त्याला तेव्हा जेमतेम तीन आठवडे झाले होते. माझे वडील, ज्यांना आम्ही नाना म्हणतो, शहाद्याहून मला भेटायला आले होते आणि त्याच रात्री दोनच्या सुमारास त्यांच्या छातीत कळ आली. १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक मला पाठ होता आणि फोनही पहिल्याच खेपेला लागला. पलीकडून प्रश्न आला, “तुम्ही नेमके कुठे आहात?” मी म्हणालो, “रिंग रोडजवळ.” “कोणत्या शहरात?” मी शहर सांगितले. “इमारतीचे नाव? जवळची एखादी खूण?” येथे मात्र माझी वाचा बसली. ज्या घरात मी वीस रात्री झोपलो होतो, त्याचा पत्ता मला सांगता येईना. शेवटी खालच्या मजल्यावरच्या काकूंना उठवले. त्यांनी फोन हातात घेऊन कॉलनीचे नाव, समोरचे दत्तमंदिर आणि गल्लीत कोणत्या बाजूने शिरायचे हे एका दमात सांगितले. नाना वाचले, परंतु माझ्या अज्ञानापायी गेलेली ती मिनिटे मी विसरलेलो नाही, आणि आज मी बोलायला बसलो आहे तो त्या मिनिटांमुळेच.

आपल्यापैकी अनेकांची अशी समजूत असते की १०८ लावला म्हणजे आपल्या सिव्हिलमध्ये घंटी वाजते आणि ११२ लावला म्हणजे जवळच्या पोलीस ठाण्यात. प्रत्यक्षात तसे होत नाही. महाराष्ट्रात २०१४ पासून सुरू असलेल्या १०८ च्या मोफत रुग्णवाहिका सेवेचे नियंत्रण केंद्र पुण्यात आहे, आणि पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका अशा सर्व मदतीसाठी २०२१ पासून आपल्या राज्यात चालू झालेल्या ११२ या क्रमांकाची केंद्रे नवी मुंबई आणि नागपूर येथे आहेत. म्हणजे तुमचा आवाज ऐकणारी व्यक्ती शेकडो किलोमीटर दूर बसलेली असते. ती प्रशिक्षित असते, तिच्यासमोर नकाशा असतो, जवळची गाडी कोणती हेही तिला दिसते. परंतु आपली “अजिंठा चौफुली” किंवा धुळ्यातला “पारोळा रोड” तिने डोळ्यांनी पाहिलेला असेलच असे नाही. मोबाइलच्या टॉवरवरून तुमच्या परिसराचा अंदाज बांधता येतो, पण तेवढ्यावरून नेमके दार सापडत नाही.

म्हणून ठिकाण सांगताना मोठ्याकडून लहानाकडे यावे. आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव किंवा शहर, त्यानंतर भाग आणि शेवटी खूण. शिवाजीनगर जळगावात आहे तसे पुण्यातही आहे. पिंप्री, वडगाव आणि पिंपळगाव या नावांची गावे तर किती तालुक्यांत आहेत याची मोजदाद करणे कठीण. आपली म्हातारी माणसे घाबरली की अहिराणीत “आठे, पुलाजोडे”, म्हणजे “इथे, पुलाजवळ”, एवढेच सांगतात. गावातल्या माणसाला तेवढे पुरते, पण दूरच्या केंद्राला त्यातून काहीच कळत नाही. अशा वेळी फोन घरातल्या जाणत्या माणसाने हातात घ्यावा. सीमेवरच्या भागात तर जिल्ह्याच्याही आधी राज्याचे नाव सांगावे लागते. नवापूरच्या रेल्वे स्थानकातून महाराष्ट्र आणि गुजरातची सीमा जाते हे आपल्याला माहीत आहे. त्या फलाटावर उतरलेल्या परक्या प्रवाशाला ते ठाऊक असण्याचे कारण नाही. जळगावला उतरून अजिंठ्याची लेणी पाहायला जाणाऱ्यांचेही तसेच होते. मुक्काम जळगावात असतो, पण फर्दापूरला काही घडले तर तो छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातला सोयगाव तालुका असतो.

आता एक रास्त शंका तुमच्या मनात येईल, की अनोळखी ठिकाणी, रात्रीच्या वेळी, विचारायला कोणी नसताना आपण कुठे आहोत हे कळावे कसे? त्यासाठी आजूबाजूला नजर टाकावी. दुकानांच्या पाट्यांवर बहुधा पूर्ण पत्ता लिहिलेला असतो, आणि दुकान बंद असले तरी पाटी वाचता येते. विजेच्या डीपीवर आणि पुष्कळ ठिकाणी खांबांवरही क्रमांक रंगवलेले असतात. महामार्गावर किलोमीटरचे दगड असतात. सुरतहून धुळे-जळगावमार्गे नागपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर अपघात झाला, तर दगडावरचे गाव व अंतर आणि आपण कोणत्या दिशेने निघालो होतो, एवढे सांगितले तरी गाडी नेमक्या ठिकाणी पोहोचू शकते. रेल्वेमार्गालगतच्या विद्युत खांबांवरही किलोमीटरचे आकडे असतात. चालत्या गाडीत मदत हवी असेल तर १३९ लावावा आणि गाडीचा क्रमांक, डबा व आसन सांगावे, म्हणजे पुढच्या स्थानकावर, मग ते भुसावळ असो वा चाळीसगाव, मदत उभी ठेवता येते.

क्रमांकांच्या गर्दीने गोंधळून जाऊ नये. काहीच आठवले नाही तर ११२ लक्षात ठेवावा, कारण तो देशभर चालतो. आपल्या खान्देशातून हजारो कुटुंबे सुरतेला पोट भरायला गेली आहेत, त्यांना हे आवर्जून सांगावेसे वाटते: तिथेही हाच क्रमांक लावायचा. गुजराती येत नसेल तर हिंदीत बोलावे, आणि तेही जमत नसेल तर शेजारच्याच्या हातात फोन द्यावा. गरोदर स्त्री आणि तान्ह्या बाळासाठी १०२, राष्ट्रीय महामार्गावरील अडचणीसाठी १०३३, लहान मुलांसाठी १०९८ आणि ऑनलाइन पैसे लुबाडले गेले तर १९३० असे वेगळे क्रमांकही आहेत.

पत्त्याइतकाच मोठा अडसर भीतीचा असतो, आणि नवख्या माणसाच्या मनात ती अधिक असते. नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्याकडून कामासाठी शहरात आलेला, पावरी ही आदिवासी बोली बोलणारा मजूर जखमी साथीदाराला खाजगी दवाखान्याच्या दारात नेतो आणि “आधी पैसे भरा” किंवा “पोलीस केस आहे” हे शब्द ऐकून मागे फिरतो. असा एक प्रसंग मी स्वतः पाहिला आहे, आणि तो आठवला की आजही मला संताप येतो. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली परमानंद कटारा यांच्या याचिकेवर निकाल देताना स्पष्ट सांगितले आहे की डॉक्टर सरकारी असो वा खाजगी, जखमीचा जीव वाचवणे हे त्याचे पहिले कर्तव्य आहे आणि पोलिसी सोपस्कारांसाठी उपचार थांबवता येत नाहीत. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली घातलेल्या कलम १३४अ नुसार अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्यावर कारवाई होत नाही आणि त्याच्यावर नाव-पत्ता देण्याची सक्तीही करता येत नाही. शिवाय २०२५ पासून मोटार अपघातातील जखमींसाठी केंद्र सरकारची योजना लागू झाली आहे, तिच्याखाली नेमून दिलेल्या रुग्णालयांत अपघाताच्या दिवसापासून ७ दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोकड न भरता मिळू शकतात. तक्रारीच्या बाबतीतही “हे आमच्या हद्दीत येत नाही” असे म्हणून तुम्हाला परत पाठवता येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे दखलपात्र, म्हणजे न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येतो अशा, गुन्ह्याची तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येते. तिला झिरो एफआयआर म्हणतात, आणि ती नंतर योग्य ठाण्याकडे पाठवली जाते.

फोन केल्यानंतरची एक चूक आपल्याकडे फार होते. घाबरलेली माणसे लगेच मामाला, काकाला, गावाकडे फोन लावत सुटतात, आणि रस्ता विचारण्यासाठी रुग्णवाहिकेच्या चालकाने केलेला फोन व्यस्त लागतो. ज्या फोनवरून मदत मागितली तो मोकळा ठेवावा, नातेवाइकांना दुसऱ्या फोनवरून कळवावे आणि घरातल्या एका माणसाने बॅटरी घेऊन गल्लीच्या तोंडाशी उभे राहावे. रुग्ण रोजची औषधे घेत असेल तर गोळ्यांची पाकिटे बरोबर घ्यावीत. दवाखान्यात पहिला प्रश्न तोच विचारतात.

जळगाव, धुळे, नंदुरबारमध्ये खोल्या भाड्याने देणाऱ्या घरमालकांना, तसेच वसतिगृहे आणि लॉज चालवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की भाडेकऱ्याला किल्ली देताना घराचा पूर्ण पत्ता, जवळची ठळक खूण आणि रात्री उठवता येईल अशा एका शेजाऱ्याचा फोन क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवावा. त्या रात्रीनंतर मी दोनदा घर बदलले आणि दोन्ही वेळा सामान उघडण्याआधी हेच काम केले. नाना मुक्कामाला येतात तेव्हा मी त्यांच्याकडून तो कागद एकदा मोठ्याने वाचून घेतो, कारण पुढच्या वेळी फोन त्यांना करावा लागेल आणि कळ माझ्या छातीत आलेली असेल, असेही होऊ शकते.

नमस्कार.