पंडित वकिलांचे दोन खटले

सखाराम गणेश पंडित. नाव ऐकलं की वाटतं, इथंच कुठल्यातरी वाड्यात बिऱ्हाड असेल. पण हे गृहस्थ शंभर वर्षांपूर्वी लॉस एंजेलिसला वकिली करत होते. त्यांच्या दोन खटल्यांबद्दल आज बोलतो. त्यातला एक ते हरले, एक जिंकले.

आधी तिथली हवा सांगतो. सॅन फ्रान्सिस्कोतल्या कामगार पुढाऱ्यांनी १९०५ मध्ये जपानी आणि कोरियन लोकांविरुद्ध एक लीग काढली. १९०७ मध्ये तिचं नाव एशियाटिक एक्सक्लूजन लीग झालं, म्हणजे आपणही यादीत आलो. त्याच वर्षी सप्टेंबरात वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅममध्ये लाकूड कापायच्या गिरण्यांतल्या पंजाबी मजुरांना जमावानं झोपायच्या जागेतून ओढून गावाबाहेर हाकललं. त्यातले बहुतेक शीख होते; वर्तमानपत्रांत मात्र सगळे ‘हिंदू’!

आता पहिला खटला. अशील भगतसिंग थिंड, अमेरिकन सैन्यात पगडी घालून नोकरी केलेला माणूस. नागरिकत्व मिळायचं ते गोऱ्यांना, नाहीतर आफ्रिकी वंशाच्यांना. नोव्हेंबर १९२२ मध्ये सर्वोच्च न्यायालय एका जपानी अर्जदाराला म्हणालं होतं की गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा. पंडितांच्या बाजूनं तेच सूत्र धरलं: मानववंशशास्त्राच्या पुस्तकांत आम्ही कॉकेशियनच आहोत. फेब्रुवारी १९२३ मध्ये, तो जपानी माणसाचा निकाल लिहिणारेच न्यायमूर्ती सदरलंड म्हणाले, पुस्तकं राहू द्या, सामान्य माणूस कुणाला गोरा समजतो ते बघा. हे सदरलंड स्वतः इंग्लंडात जन्मलेले, म्हणजे तेही बाहेरून आलेलेच!

पण मला खुपतं ते दुसरंच. थिंड यांच्या बाजूच्या लेखी युक्तिवादात असं म्हटलंय की लग्नसंबंधाच्या बाबतीत अमेरिकन माणूस निग्रोकडे जसं बघतो, तसंच उच्चवर्णीय हिंदू आपल्याकडच्या आदिवासींकडे बघतो. जातीचा दाखला पुढे करून गोऱ्यांच्या पंगतीत पाट मागितला, आणि तोही मिळाला नाही. वकिलाला मिळेल त्या हत्यारानं लढावं लागतं, मान्य. तरी हे वाचताना मान खाली जाते.

निकालानंतर सरकारनं दिलेली नागरिकत्वं परत घ्यायला सुरुवात केली. पन्नासाहून जास्त हिंदी माणसांवर पाळी आली, आणि त्यांत खुद्द पंडितही. आता मात्र त्यांनी वंशाचा मुद्दा बाजूला ठेवला. ते सरकारला म्हणाले: १९१४ मध्ये माझ्या अर्जाला तुम्ही हरकत घेतली होती, कोर्टानं ती फेटाळली, तुम्ही अपील केलं नाही. त्या निकालावर विसंबून मी वकील झालो, लग्न केलं. आता माझ्यासोबत बायकोचंही नागरिकत्व जाईल. आपल्या दिवाणी वकिलांना ‘रेस ज्युडिकाटा’ म्हटलं की पुढचं सांगावं लागणार नाही: एकदा मिटलेला वाद त्याच पक्षांना पुन्हा उकरता येत नाही. १९२६ मध्ये अपील कोर्टात पंडित जिंकले. १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सरकारचा अर्ज ऐकायलाही नकार दिला आणि सरकारनं उरलेले दावे सोडून दिले.

किती रूक्ष मुद्दा आहे बघा! त्यात आर्य नाही, जात नाही. शेजारच्या चिनी धोब्यालाही तो वापरता आला असता.

ज्यांचे कागद आधीच गेले होते, त्यांना याचा उपयोग झाला नाही. सॅन फ्रान्सिस्कोचे दुकानदार वैष्णो दास बगाई त्यांतले. नागरिकत्व गेलं, आणि भारतात जायचं तर ब्रिटिश पासपोर्ट घ्या, असं त्यांना सांगण्यात आलं. ज्या राज्याला कंटाळून देश सोडला, त्याचाच पासपोर्ट! त्यांनी तो घेतला नाही. १९२८ मध्ये त्यांनी वर्तमानपत्राच्या नावे एक पत्र लिहिलं आणि आयुष्य संपवलं.