टाक्यांची कळ आणि बाळंतिणीची पहिली रात्र

मंडळी, आज बोलायचंय ते सिझरनंतर टाक्यांचं दुखणं कमी करणाऱ्या ‘टॅप ब्लॉक’ या इंजेक्शनाबद्दल. पण ‘सिझर झालं, सुटली बिचारी’ हे वाक्य भूलतज्ज्ञ म्हणून मी इतक्यांदा ऐकलंय की त्यावर बोलल्याशिवाय पुढे जाणार नाही. सुटली कुठे? पाठीत दिलेल्या भुलीच्या इंजेक्शनचा अंमल दोन-तीन तासांत उतरतो. मग खोकला आला, कुशीवर वळलं, नुसतं हसू आलं तरी टाके ओढतात.

करवीर तालुक्यातली एक पहिलटकरीण आठवते. रात्री बाळ रडत होतं आणि हिला उठून बसता येईना. एक हात पोटावर दाबलेला, दुसऱ्या हातात कॉटचा गज. सिस्टरांनी दुखण्यावरची पॅरासिटामॉलची गोळी आणली, तर सोबतच्या मावशी म्हणाल्या, “गोळी नगं, दूध आटतंय. आमी काय कमी सोसलंय व्हय?” मावशींचा तिच्यावर जीव होता. शेकशेगडी, डिंकाचे लाडू, सगळी तयारी त्यांचीच. पण पॅरासिटामॉलने दूध आटत नाही. दुखण्यापायी बाळाला पदराखाली घेणं लांबतं, त्याने मात्र दूध उतरायला खोळंबा होतो. आणि हा सोसण्याचा आग्रह फक्त आपल्याकडचा नाही बरं. १८५३ साली इंग्लंडात डॉक्टर जॉन स्नो यांनी व्हिक्टोरिया राणीला बाळंतपणात कळा सुसह्य व्हाव्यात म्हणून क्लोरोफॉर्म हे भुलीचं औषध दिलं, तेव्हा तिकडेही टीका झालीच.

संयोजकांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. मूळ विषय भराभर सांगतो.

पोटाच्या बाजूच्या भिंतीत स्नायूंचे तीन थर असतात. आतल्या दोन थरांच्या मधल्या फटीतून टाक्यांकडे जाणाऱ्या नसा धावतात. तिथे दोन्ही कुशींत बधिर करणारं औषध सोडायचं, हा टॅप ब्लॉक. २००१ साली रफी नावाच्या डॉक्टरांनी तो मांडला तेव्हा चाचपून सुई घालत. आता सोनोग्राफीत सुईचं टोक दिसतं, औषध शिरताना थर विलग होताना दिसतात. (हे यंत्रही गर्भलिंगनिदानाच्या कायद्याखाली नोंदवावं लागतं, आणि ते हवंच. सोनोग्राफी यंत्रांवर नजर ठेवणारं ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ उपकरण बसवणाऱ्या कोल्हापूरकरांना मी काय सांगू!) ऑपरेशन संपताच, अंग बधिर असतानाच देतो, त्यामुळे टोचलेलं कळत नाही.

याने सगळं दुखणं जात नाही. गर्भपिशवी आकसतानाची कळ राहते, म्हणून गोळ्या ठरल्या वेळेला घ्यायच्याच. पाठीतल्या इंजेक्शनात मॉर्फिन हे जोरदार वेदनाशामक घातलं असेल तर ब्लॉकने फारशी भर पडत नाही. मॉर्फिन देता आलं नाही किंवा पूर्ण भूल द्यावी लागली, तिथे त्याचा खरा उपयोग. औषध वजनावर मोजून देतात. जास्त झालं तर झटके येतात, हृदयाचे ठोके बिघडतात, म्हणून त्यावर उतारा असलेलं लिपिडचं, म्हणजे स्निग्ध पदार्थाचं, औषध जवळ लागतं.

तेव्हा सिझरची तारीख ठरली की भूलतज्ज्ञांना आधीच भेटा. मॉर्फिन देणार का, नसेल तर ब्लॉक देता का, एवढं विचारा. आणि मावशींनाही सोबत न्या. रात्री गोळी द्यायची की नाही, हे घरोघरी त्याच ठरवतात.