वेई यिनचा तिएक्वानयिन

नमस्कार श्रोतेहो. आज चीनच्या फुजियान प्रांतातल्या, आन्शी भागातल्या उलोंग, म्हणजे हिरवा आणि काळा यांच्या मधल्या चहाविषयी बोलू. त्याचं नाव तिएक्वानयिन, म्हणजे लोखंडी क्वानयिन. क्वानयिन ही चीनमधली करुणेची देवी.

आन्शीत सांगतात, अठराव्या शतकात वेई यिन नावाचा एक शेतकरी होता. रोज पहाटे क्वानयिनच्या मूर्तीपुढे चहाचे तीन पेले ठेवायचे, हा त्याचा नेम. पाऊस असो, थंडी असो, नेम चुकला नाही. एका रात्री त्याला स्वप्न पडलं. खडकाच्या कपारीत एक चहाचं झुडूप, पानं टवटवीत, वास असा की पावलं थबकावीत. उजाडताच तो डोंगराकडे निघाला. शोधता शोधता कपार सापडली आणि झुडूपही खरंच तिथे! त्यानं ते अलगद काढून घरी आणलं, लोखंडी भांड्यात लावलं, कलमं वाढवली आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटली. मला हे वाटणं सगळ्यात आवडतं. दुसरी कथा श्रेय वांग शिरांग या विद्वानाला देते. हा चहा 1741 साली चियानलोंग बादशहाकडे पोचला, असं त्यात सांगतात. माझं मन मात्र वेई यिनकडेच ओढ घेतं. आणि क्वानयिन आपल्याला परकी नाही बरं! आपला बोधिसत्त्व अवलोकितेश्वर चीनमध्ये स्त्रीरूपात पुजला जाऊ लागला, तीच ही क्वानयिन. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी आठवा, तो अवलोकितेश्वरच.

पानं कोमेजवून हलवतात, त्यांच्या कडा लालसर होतात. मग तापवून, गुंडाळून गोळ्या करतात आणि शेवटी हलकं भाजतात. भाजणं हलकं, म्हणून फुलांचा वास टिकतो आणि त्याला खमंगपणाची जोड मिळते.

आता करायचा कसा? झाकणाच्या छोट्या वाटीत, शंभर मिलिलिटरला सहा-सात ग्रॅम चहा. पाणी उकळतं. पहिलं पाणी लगेच ओतून टाका. नंतर वीसेक सेकंद ठेवून पूर्ण गाळा, थेंबभरही मागे ठेवू नका. लक्षात ठेवा, पाणी उकळतं आणि वेळ थोडा. पुन्हा सांगते, वेळ थोडा! तीच पानं सहा-सात वेळा चालतात, दरवेळी थोडा वेळ वाढवायचा. दूध-साखर नको.

चहाला लहान पेलेच हवेत. मोठ्या मगानं घरातल्या गप्पा कमी केल्या, हे माझं ठाम मत आहे. पेला रिकामा होतो, पुन्हा भरतो, तोवर माणसं बसून राहतात. वाटीतल्या गोळ्या तिसऱ्या पाण्यापर्यंत पूर्ण उलगडतात. तेव्हा एक पान हातावर घेऊन त्याची लालसर कड नक्की पाहा.